मागच्या बाकावरची वही

[दृश्य: सकाळ. विद्यापीठाची मुख्य इमारत, समोरचा अश्वारूढ पुतळा, बसमधून उतरणारे विद्यार्थी.]

कोल्हापुरात शिकायला येणाऱ्या मुलांचा दिवस एसटीच्या पहिल्या गाडीने सुरू होतो. पन्हाळा, राधानगरी, कागल, शिरोळ या तालुक्यांतून निघालेली ही मुले शहरात पोहोचतात, तेव्हा त्यांच्या दप्तरात डबा असतो आणि अंगावर दीड-दोन तासांच्या प्रवासाचा शीण असतो. शिकण्यासाठी आधार लागतो, हे या गावाला फार पूर्वी उमगले होते. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले, पुढे निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली आणि 1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम निघाला. 18 नोव्हेंबर 1962 रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले. आज कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालये या विद्यापीठाला जोडलेली आहेत.

मुलगा वर्गापर्यंत पोहोचला, त्याच्या राहण्या-जेवणाची सोय झाली. वर्गाचे दार लागल्यानंतर काय होते, हे मात्र सहसा कोणी पाहत नाही. आम्ही कॅमेरा घेऊन तिथेच बसलो.

[दृश्य: महाविद्यालयातील वर्ग. फळा, लाकडी बाक, खिडकीतून येणारे ऊन.]

हा विद्यापीठाशी संलग्न अशा एका महाविद्यालयातील बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा रसायनशास्त्राचा तास आहे. प्राध्यापिका फळ्यावर एकच प्रश्न लिहितात : पातेल्यात पाणी उकळते आहे, आच दुप्पट केली, तर पाण्याचे तापमान वाढेल, तेवढेच राहील की कमी होईल? प्रत्येक विद्यार्थ्याकडे लाल, हिरवे आणि पिवळे अशी तीन कार्डे आहेत. हात वर करायला लाजणारी मुलेही कार्ड दाखवतात, कारण सगळ्यांनी एकदम दाखवायचे असते आणि शेजाऱ्याकडे बघून रंग बदलायला वेळ मिळत नाही. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केलेल्या पद्धतीचे हे आपल्याकडचे रूप आहे. अट एवढीच, की पहिल्या उत्तरानंतर मुलांनी आपापसांत, आपल्या भाषेत वाद घालायचा आणि मगच दुसऱ्यांदा कार्ड दाखवायचे.

वर्गात हिरव्यापेक्षा लाल कार्डे अधिक दिसतात. लाल म्हणजे 'वाढेल'. उत्तर चूक आहे, कारण पाणी एकदा उकळू लागले की वाढीव उष्णता वाफ होण्यात खर्च होते आणि तापमान जागचे हलत नाही. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा मात्र चर्चेनंतरही लाल कार्ड खाली ठेवत नाही. प्राध्यापिका त्याला कारण विचारतात आणि थांबतात. हे थांबणे आम्ही मुद्दाम न कापता ठेवले आहे.

"मॅडम, आमच्या गुऱ्हाळात जाळ वाढवला की रस आणखी तापत जातोय. गुळव्या पाक पाण्यात टाकून गोळी होते का बघतोय, तवर तापतच असतोय."

[दृश्य: गुऱ्हाळ. काहील, उसळणारा रस, मळी काढणारा झारा, चिपाडांचा जाळ.]

हा मुलगा पन्हाळा तालुक्यातल्या गुऱ्हाळवाल्या घरातला आहे आणि त्याने पाहिले ते खरे आहे. काहिलीतला रस म्हणजे निव्वळ पाणी नव्हे. त्यातले पाणी वाफ होऊन जाते, साखरेचे प्रमाण वाढत जाते आणि द्रावण जितके घट्ट, तितका त्याचा उत्कलनबिंदू, म्हणजे उकळण्याचे तापमान, वर सरकतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्याने इथे साधे पाणी 100 अंशांच्या थोडे खालीच उकळते. गुळाचा पाक मात्र साधारण 118 अंश सेल्सिअसला उतरवण्याजोगा होतो. 'उत्कलनबिंदूतील उन्नयन' हे पाठ्यपुस्तकातले जडबंबाळ प्रकरण त्या दिवशी गुऱ्हाळातून वर्गात आले. प्राध्यापिकांनी आम्हाला मोकळेपणाने सांगितले, की एरवी त्यांनी या उत्तरावर "चूक" म्हणून पुढचे सूत्र लिहिले असते. अभ्यासक्रम संपवायचा असतो, हे कारणही खोटे नाही.

[दृश्य: मागच्या बाकावर बसलेले सहकारी प्राध्यापक. वहीचा जवळून घेतलेला भाग.]

त्या थांबायला शिकल्या, त्यामागे ही वही आहे. दुसऱ्या विषयाचे एक प्राध्यापक महिन्यातून एकदा मागच्या बाकावर बसतात आणि घड्याळ पाहून नोंदी करतात. पहिल्या पानावर लिहिले आहे : "11.20 – प्रश्न. एक सेकंद. उत्तर स्वतःच दिले." खाली तशाच आणखी चार ओळी आहेत. अमेरिकेतील संशोधक मेरी बड रो यांना 1970च्या दशकात शाळांच्या वर्गांत हेच आढळले होते. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच वाट पाहत. ती वाट तीन सेकंदांपर्यंत नेली, तर उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येऊ लागत. ताज्या पानावरची नोंद अशी आहे : "11.34 – का? सात सेकंद. गुऱ्हाळ."

ही वही प्राचार्यांकडे जात नाही, पदोन्नतीच्या फाइलीत लागत नाही आणि तिच्यावर कोणाचा शिक्काही नसतो. प्राध्यापकांसाठी उद्बोधन वर्ग आहेत, उजळणी वर्ग आहेत. 1986च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर त्यासाठी देशभर अकॅडमिक स्टाफ कॉलेजेस स्थापन झाली. तिथे चांगली व्याख्याने होतात, हे मान्य करूनही म्हणावेसे वाटते, की काही आठवड्यांच्या वर्गाचे प्रमाणपत्र शिक्षकाच्या हाती पडते आणि त्याचा स्वतःचा तास मात्र कोणी पाहिलेला नसतो. तालमीत वस्ताद पट्ठ्याला डाव सांगून घरी जात नाही. तो हौद्याच्या कडेला उभा राहतो.

परिणामांविषयी थोडक्यात : विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या 225 अभ्यासांचा 2014 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा मुलांना विचार करायला आणि बोलायला लावणाऱ्या वर्गांच्या तुलनेत नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापास होण्याची शक्यता दीडपट आढळली. या वर्गातही सत्राच्या अखेरीस प्रश्न विचारणाऱ्या मुलांची संख्या वाढली असल्याचे प्राध्यापिका सांगतात.

[दृश्य: कँटीन. दोन कप चहा, मध्ये वही.]

तास संपल्यावर प्राध्यापिका आणि वही लिहिणारे सहकारी कँटीनमध्ये बसतात. सहकारी आधी कप बाजूला करतात, मग वहीचे पान त्यांच्याकडे वळवतात. दोघांत बराच वेळ बोलणे होते. त्यातले काही आम्ही ध्वनिमुद्रित केले नाही, कारण तसे आधीच ठरले होते. उठताना प्राध्यापिका वही स्वतःकडे घेतात, पुढचे कोरे पान काढतात आणि वर तारीख घालतात. मंगळवारी साडेअकराचा तास सहकाऱ्यांचा आहे आणि मागच्या बाकावर त्या बसणार आहेत.