बेहड्याखाली काय पडतं

नमस्कार, श्रोतेहो. आज मला सह्याद्रीच्या सदाहरित जंगलाबद्दल बोलायला सांगितलंय. आंबोली, तिलारी, दोडामार्ग, त्या बाजूचं जंगल. ते कसं चालतं, त्यावर माणसं कशी जगतात आणि ते राखायचं कसं. वेळ आठ मिनिटं. एवढा विषय आठ मिनिटांत मावत नाही, म्हणून मी आधी धनेश पक्ष्याची गोष्ट सांगून घेतो. मला ओळखणारे म्हणतील, आली परत धनेशाची गोष्ट. येऊ दे.

१९९८ चा मार्च. तिलारीच्या वरच्या अंगाला एका वाडीत मी गेलो होतो, खांद्यावर टेपरेकॉर्डर घेऊन. पाहिजे होता एकच आवाज, महाधनेशाच्या पंखांचा. तिकडे त्याला गरुड म्हणतात, आणि त्याच्या धाकट्या काळ्यापांढऱ्या भावाला ककणेर. पुस्तकातली नावं पुस्तकात राहू देत. इतर पक्ष्यांच्या पंखांखाली पिसांच्या बुडाशी बारीक पिसांची झालर असते, याला ती नसते. म्हणून फटींतून वारा घुसतो, आणि डोंगरावर आगगाडीचं इंजिन चढावं तसा आवाज येतो. पक्षी दिसायच्या कितीतरी आधी तो ऐकू येतो. रेडिओवाल्याला आणखी काय हवं?

ज्यांच्या रानात घरटं होतं त्यांना मी आबा म्हणत असे. सत्तरी ओलांडलेले, खोकल्याने बेजार, पण चढणीला माझ्या पुढे. त्यांनी मला एका जुन्या बेहड्यापाशी नेलं. वीस-पंचवीस हात उंचीवर ढोली, आणि ढोलीचं तोंड लिंपलेलं. आत मादी. आमच्याकडे पूर्वी बाळंतिणीच्या खोलीला पडदा लावत, ही बाई भिंतच घालून घेते! स्वतःच्या विष्ठेनं तोंड लिंपते, चोच जाईल एवढी चीर ठेवते, आणि तीन-चार महिने आत. आत पंखांची पिसंही गाळते, म्हणजे मनात आलं तरी उडता येत नाही. बाहेरून नर उंबर, वड, पिंपळाची फळं आणून भरवतो. नराला कुणी मारलं, तर आतल्यांचं काही खरं नाही. आणि मारत असत हो, सांधेदुखीवर त्याचं तेल चालतं म्हणून. तेलाने कुणाचे गुडघे बरे झालेले मी तरी पाहिले नाहीत.

तर आम्ही बसलो, झाडापासून लांब, करवंदीच्या जाळीआड. पहिला दिवस गेला. नर आला तो मागच्या दरीतून, आणि मी टेप उलटी करत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आला तेव्हा आबा खोकले. मी कपाळाला हात लावला. आबा हळूच म्हणाले, "पाखांचो आवाज काय धरतास? खाली काय पडता तां धरा."

तेव्हा माझं लक्ष गेलं. झाडाखाली वाळक्या पाल्यावर मधूनच टप्प व्हायचं. मग बराच वेळ काही नाही. मग परत टप्प. मादी आतून बिया बाहेर टाकत होती. रान-जायफळाची, काळ्या धुपाची. गर गिळायचा, बी टाकायचं. खाली जाऊन पाहिलं तर कोवळी रोपं कोथिंबिरीच्या वाफ्यासारखी दाट उगवलेली. आबा म्हणाले, यातली जगत नाहीत, एकमेकांना मारतात. जगतात ती नर लांब कुठेतरी उडता उडता टाकतो ती. पुढे जाणकारांकडून मला हेच कळलं, फक्त त्यांना जास्त शब्द लागले.

मग मी विचारलं, आजूबाजूचं सगळं रान तोडलेलं दिसतंय, मग हा एकच बेहडा कसा राहिला? आबा हसले. म्हणाले, रान मीच विकलं. मुलीच्या लग्नाला. ठेकेदार आला, उक्तं ठरलं, सगळं उभं रान एका आकड्यात. पण बेहड्याला तोडणारे हात लावेनात, त्यात देवचार आहे म्हणून. आता कोकणातल्या माणसाला देवचार काय ते सांगायला नको; इतरांसाठी सांगतो, जागेची राखण करणारं भूत. मी आबांना विचारलं, खरंच आहे का?

"मियांच सांगितलंय," आबा म्हणाले. "नायतर ह्या झाडाचे कोळशे झाले आसते."

तेवढ्यात नर आला. मागे न पाहता मी बटण दाबलं. डोक्यावरून इंजिन गेलं, श्रोतेहो. पंधरा सेकंद, स्वच्छ, खोकला नाही, काही नाही. त्या आनंदात मी आबांच्या घरी दोन भांडी सोलकढी प्यायलो. (सोलकढी आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची. हल्ली बाटलीतून कोकम म्हणून जे लालभडक साखरपाणी मिळतं, त्यावर मला कधीतरी वेगळी आठ मिनिटं द्या.)

टेप घेऊन परत आलो. कुठल्या केंद्रावर ते सांगत नाही. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम लागला. मी घरच्यांना गोळा करून रेडिओपुढे बसलो. आबा बोलले, आबा खोकले, मी बोललो. पंख काही येईनात. कार्यक्रम संपला! संपादन करणारा आमचा सहकारी मोठ्या समाधानाने म्हणाला, "अहो, मध्ये माईकवर वारा घुसला होता, काढून टाकला सगळा." आणि टेपचा तो तुकडा त्याच दिवशी कचऱ्यात गेला होता.

आता विषय. वेळ निम्म्याहून जास्त गेलीय, तर भराभर सांगतो.

पहिली गोष्ट, धनेशाला ढोली स्वतः कोरता येत नाही. त्याला आयती लागते, आणि एवढी ढोली पडायला झाड दोन-तीन पिढ्या जुनं व्हावं लागतं. पोकळ झाड ठेकेदाराच्या लेखी जळाऊ लाकूड. धनेशाच्या लेखी तेवढंच घर. परत सांगतो, पोकळ झाड म्हणजे घर.

दुसरी गोष्ट पैशाची. कोकणातलं बरंचसं रान सरकारचं नाही, लोकांच्या सातबाऱ्यावर आहे. रान उभं ठेवून मालकाला काही मिळत नाही, तोडलं की मिळतं. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबागांची योजना आली आणि डोंगर साफ होऊन काजू लागला. काजूला मी नावं ठेवणार नाही, माझं शिक्षण काजूच्या बियांवर झालंय. पण नुसत्या काजूच्या डोंगरावर धनेशाला ना उंबर मिळतो, ना ढोली. मग दोडामार्गात केरळमधून शेतकरी आले, रबर आणि अननस लागले. बाहेरून येणाऱ्याला आमचा देवचार ठाऊक नसतो. राखणदाराची भीती हे फुकटातलं वनखातं होतं. ते गेलं, आणि त्याच्या जागी दुसरं काही पुरतं आलेलं नाही.

काहीच झालं नाही असंही नाही. २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी घातली. २०२० मध्ये तिलारीचं साडेएकोणतीस चौरस किलोमीटर रान संवर्धन राखीव झालं. २०२१ मध्ये बांबर्ड्याची रान-जायफळाची दलदल जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. तिथे झाडांची मुळं चिखलातून गुडघे काढून उभी असतात, पाहण्यासारखी आहेत. ती टिकली ती देवाच्या नावावर, कागद मागून आला. पश्चिम घाट कसा राखायचा यावरच्या सरकारी समित्यांच्या अहवालांबद्दल मी एवढंच म्हणेन, की गाडगीळ समितीने २०११ मध्ये ग्रामसभेला विचारा म्हणून सांगितलं होतं. गावात मात्र अहवालाआधी अफवा पोचली, की आता घरावर कौलं चढवायलाही परवानगी लागणार.

केरळात वाळच्चालच्या जंगलात काडर आदिवासी धनेशांची घरटी राखतात आणि त्याची मजुरी त्यांना मिळते. मला वाटतं, आबांना एका बेहड्याची मजुरी मिळाली असती तर देवचाराला एवढं राबावं लागलं नसतं. तुम्ही म्हणाल, सरकारी पैशात हेही का. झाडं लावतानाचे फोटो काढायला पैसे असतात, तेही ऑस्ट्रेलियन बाभळीचे. असो.

काचेपलीकडून बोट वर झालंय, म्हणजे एक मिनिट उरलं. टेपचा बाकीचा भाग माझ्याकडे आहे. पंख त्यात नाहीत. आबा खोकतायत, मी त्यांना हळूच गप्प करतोय, आणि मध्ये टप्प असा आवाज येतो. लावतो. जरा आवाज मोठा करा तुमच्याकडे.