गॅलिसियाचं सर्वांत मोठं शहर समुद्रापलीकडे होतं

मंडळी, अर्जेंटिनातला स्पॅनिश वारसा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चिलखत चढवलेला घोडेस्वार उभा राहतो. आज त्याला बाजूला ठेवू या. त्याचा आणि अर्जेंटिनाचा हिशेब स्वातंत्र्ययुद्धात चुकता झाला होता. १८१३ साली मान्य झालेल्या तिथल्या राष्ट्रगीतात एक सिंह पायाशी शरण आलेला आहे, आणि तो सिंह म्हणजे स्पेन. (गीताला चाल लावणारे ब्लास पारेरा मात्र स्पेनमध्येच जन्मलेले. असो.) पुढे १९०० साली राष्ट्राध्यक्ष रोका यांनी हुकूम काढला, की सरकारी समारंभांत आणि शाळांत स्पेनला झोंबणारी कडवी गाऊ नयेत. तीन-चार पिढ्यांत एवढा फरक पडला, कारण तोवर गाणं ऐकायला स्पॅनिश माणसं मोठ्या संख्येनं समोर बसू लागली होती. ही माणसं राज्य करायला आलेली नव्हती, भांडी घासायला आणि ट्राम चालवायला आली होती. मला बोलायचंय ते यांच्याबद्दल.

अर्जेंटिनाला माणसं हवी होती. १८५३ च्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमातच लिहिलं आहे, की सरकार युरोपीय स्थलांतराला उत्तेजन देईल. यातला ‘युरोपीय’ हा शब्द सहज पडलेला नाही. तिथल्या मूळ रहिवाशांविषयी राज्यकर्त्यांना काय वाटत होतं, ते त्यात स्पष्ट दिसतं. १९१४ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे ७९ लाख भरली आणि त्यांतले ८ लाखांहून जास्त लोक स्पेनमध्ये जन्मलेले होते. इटालियन त्यांच्याही पुढे होते, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

या स्पॅनिशांत सर्वांत मोठा गट गॅलिसियाचा. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातला हा पावसाळी मुलूख. वाटण्या होत होत जमिनीचे इवले इवले तुकडे झालेले, त्यावर जमिनीपोटी भरायच्या जुन्या खंडाचं ओझं, आणि मुलगा वयात आला की मोरोक्कोच्या लढाईवर पाठवतील ही धास्ती. विगो आणि ला कोरुन्या या बंदरांतून आगबोटी सुटत. पुरुष पुढे जात, बायका मागे शेत राखत. नंतर पुष्कळ मुलीही एकट्या निघाल्या आणि ब्युनॉस आयर्सच्या बड्या घरांत मोलकरणी झाल्या. बंदरावर सरकारी निवासाची सोय होती. १९११ मध्ये उघडलेल्या त्या मोठ्या इमारतीत पाच दिवस फुकट राहायला, जेवायला मिळे. ज्यांचा मामा किंवा गाववाला आधीच शहरात होता, ते मात्र थेट त्याच्या खोलीवर जात. कुठल्याही गॅलिसियन शहरात नसतील इतके गॅलिसियन त्या काळी एकट्या ब्युनॉस आयर्समध्ये होते. त्यामुळे अंदालुसियाचा असो की कास्तिलचा, अर्जेंटिनात सरसकट प्रत्येक स्पॅनिश माणूस ‘गायेगो’, म्हणजे गॅलिसियन, ठरला. गायेगोच्या मठ्ठपणावरचे विनोद अजूनही चालतात. ते विनोद मला फारसे निरागस वाटत नाहीत. घरच्या नोकराला हसण्याची मालकाची सवय त्यांत मुरलेली आहे.

आता त्यांच्या मंडळांकडे वळतो, कारण माझ्या मते खरा वारसा तिथे आहे. १९०७ मध्ये ‘सेंत्रो गायेगो’ स्थापन झालं आणि सभासदांच्या वर्गणीवर त्याचं मोठं रुग्णालय उभं राहिलं. त्याहून मला नवल वाटतं ते छोट्या मंडळांचं. एका तालुक्याचं, एका खोऱ्याचं, कधी एकाच खेड्याचं मंडळ. परळ-लालबागच्या खोल्यांत कोकणातल्या गावांची मंडळं चालत, तसाच हा प्रकार. वाल मिन्योर खोऱ्यातल्या लोकांनी ब्युनॉस आयर्समध्ये अशी संस्था काढली आणि तिकडून पैसे पाठवून आपल्या खोऱ्यात शाळा बांधल्या. गॅलिसियात अशा शाळा पुष्कळ उभ्या राहिल्या. स्वतः पुरतं लिहिता-वाचता न आल्यामुळे परदेशात किती नडतं, हे कळलेल्यांनी त्या बांधल्या; काही शाळांत तर हिशेब आणि व्यापारी पत्रव्यवहारही शिकवत.

याच्या शेजारी श्रीमंत स्पॅनिशांचं स्मारक ठेवून बघा. १९१० साली अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्यलढ्याच्या शताब्दीला त्यांनी शहराला भव्य स्मारक देऊ केलं. शिल्पकार केरोल आदल्याच वर्षी वारले. त्यांच्या जागी आलेले फोल्गेरास १९११ मध्ये गेले. १९१६ मध्ये काही कांस्यमूर्ती घेऊन निघालेली ‘प्रिन्सिपे दे आस्तुरियास’ ही बोट ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ शेकडो प्रवाशांसह बुडाली. स्मारकाचं उद्घाटन झालं १९२७ मध्ये! तोवर खेड्यातल्या शाळांतून मुलं शिकून बाहेरही पडली होती.

१९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली आणि आवेनिदा दे मायो या रस्त्यावरच्या कॅफेंचेही दोन पक्ष झाले. प्रजासत्ताकवाले एका कॅफेत, बंडखोर सेनापती फ्रँकोचे पाठीराखे दुसऱ्यात, आणि मधल्या रस्त्यावर हाणामाऱ्या. प्रजासत्ताक हरल्यावर व्यंगचित्रकार आणि राजकारणी कास्तेलाओ १९४० मध्ये ब्युनॉस आयर्सला आले. गॅलिसियन राष्ट्रवादाचा पायाभूत मानला जाणारा त्यांचा ग्रंथ १९४४ मध्ये छापला गेला तो ब्युनॉस आयर्समध्ये. फ्रँकोच्या स्पेनमध्ये ते अशक्यच होतं. १९५० मध्ये ते वारले, सेंत्रो गायेगोच्याच रुग्णालयात. त्यांच्या अस्थी मायदेशी न्यायला १९८४ उजाडावं लागलं.

पुढे वारं फिरलं. २००१ मध्ये अर्जेंटिनाची अर्थव्यवस्था कोसळली तेव्हा नातवंडांनी आजोबांचे जन्मदाखले शोधायला सुरुवात केली. २००७ आणि २०२२ च्या स्पॅनिश कायद्यांनी नातवंडांना नागरिकत्वाची वाट आणखी मोकळी केली. आज अर्जेंटिनात पाच लाखांच्या आसपास स्पॅनिश नागरिक आहेत आणि त्यांतले बहुतेक जन्मले तिथेच. त्यांना मतदानाचा हक्क आहे. त्यामुळे गॅलिसियाच्या प्रादेशिक निवडणुका आल्या की तिथले पुढारी अटलांटिक ओलांडून ब्युनॉस आयर्समध्ये प्रचाराला येतात.