लाईट गेल्यावर फाइलचं काय होतं?

मंडळी, सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्डवर (मागाचे उभे धागे नक्षीप्रमाणे उचलणारं यंत्र) उतरते, हे इथे कुणाला सांगायला नको. जुन्या जकार्डला ती नक्षी छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांतून मिळायची. विणता विणता लाईट गेली तर माग थांबायचा, पण पुठ्ठ्यातलं छिद्र काही बुजायचं नाही. इलेक्ट्रॉनिक जकार्डचा कंट्रोलर हेच डिझाइन पेन ड्राइव्हवरून घेतो. मागाला पिक, म्हणजे आडव्या धाग्याच्या फेऱ्या, मोजणारं छोटं यंत्र जोडलं, तर पाळीचा हिशेबही तेच लिहून ठेवतं. नक्षी आणि हिशेब दोन्ही फ्लॅश चिपमध्ये, म्हणजे वीज गेली तरी माहिती जपणाऱ्या मेमरीत, गेले. आणि अक्कलकोट रोडची एमआयडीसी असो की पूर्व भागातला घराला लागून असलेला कारखाना, लाईट जायची तेव्हा जातेच. म्हणून फाइल सिस्टिम, म्हणजे चिपमध्ये फाइली कुठे आणि कशा ठेवायच्या याची पद्धत, निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा: लिहिता लिहिता वीज गेली तर काय होईल? वेग, सोय, आकार हे सगळं नंतर.

आधी चिपचा स्वभाव बघू. नॉर फ्लॅशमध्ये (फ्लॅश चिपचा एक प्रकार) बिटच्या एकाचा शून्य करता येतो. शून्याचा परत एक करायचा, तर अख्खा सेक्टर, म्हणजे चिपमधला एक कप्पा, पुसावा लागतो. हा सेक्टर बहुधा 4 केबीचा, आणि तो साधारण 1,00,000 वेळा पुसता येतो असं माहितीपत्रकं सांगतात. आकडा मोठा वाटतो ना? पिकांचा आकडा दर सेकंदाला त्याच सेक्टरमध्ये पुसून लिहिला, तर हे आयुष्य 28 तासांच्या आत संपतं. तोच आकडा 16 बाइटची नोंद करून एकापुढे एक लिहीत गेलात, तर एका सेक्टरमध्ये 256 नोंदी बसतात. 4 एमबीची चिप एकदा भरायला तीन दिवस लागतात, आणि अशी ती लाखभर वेळा भरता येते, म्हणजे हिशेबाने आठशेहून अधिक वर्षं. चिप तीच, लिहिण्याची पद्धत बदलली. झीज सगळ्या सेक्टरवर वाटून टाकायची, यालाच वेअर लेव्हलिंग म्हणतात.

आता फॅट, म्हणजे पेन ड्राइव्ह आणि एसडी कार्डांवर सर्रास असणारी फाइल सिस्टिम. एसडी कार्ड काढून थेट संगणकात वाचता येतं, म्हणून सगळे आधी फॅटकडेच वळतात. त्यात चूक काहीच नाही. मालकाला महिन्याचा हिशेब एक्सेलमध्ये हवा असेल, तर याहून सोपा मार्ग नाही. पण फॅटमध्ये फाइल वाढवताना तीन ठिकाणी लिहावं लागतं: मजकूर एकीकडे, कोणत्या क्लस्टरनंतर (मजकुराच्या तुकड्यानंतर) कोणता याची सारणी दुसरीकडे, आणि नाव व लांबी असलेली डिरेक्टरीतली नोंद तिसरीकडे. मजकूर लिहून झाला, लांबी लिहायची राहिली आणि वीज गेली, तर फाइल दिसते शून्य बाइटची. छोट्या यंत्रांवर फॅट चालवणाऱ्या फॅटएफएस लायब्ररीत f_sync नावाचं फंक्शन याचसाठी आहे; तोवरचं सगळं ते कार्डावर उतरवतं (यालाच सिंक म्हणतात). प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीनंतर ते बोलवा, फाइल बंद होईपर्यंत थांबू नका. तरीही धोका फक्त कमी होतो, जात नाही. शिवाय कार्डाच्या आतला कंट्रोलर स्वतःच्या सोयीने माहिती इकडची तिकडे हलवत असतो, आणि त्या क्षणी वीज गेली तर तुमच्या कोडला काही करता येत नाही.

बोर्डावर सोल्डर केलेल्या नॉर चिपसाठी मी लिटलएफएस ही फाइल सिस्टिम सुचवतो, आणि अगदी आग्रहाने सुचवतो. ती जुन्या माहितीवर गिरवत नाही. नवी माहिती मोकळ्या जागी लिहिते, आणि फाइल सिंक किंवा बंद झाल्यावरच नवी प्रत खरी मानते. डिरेक्टरीची माहिती ब्लॉकच्या जोडीत असते, चेकसम (माहिती शाबूत आहे का ते तपासायचा आकडा) सोबत असतो. एक अर्धवट राहिला तर दुसऱ्यावरून उभं राहता येतं. सेटिंग बदलताना नव्या नावाने फाइल लिहा, बंद करा, मग जुन्या नावावर रिनेम करा. तिथे रिनेम अर्धवट राहत नाही. फॅटएफएसमध्ये मात्र त्या नावाची फाइल आधीच असेल, तर रिनेम नाकारलं जातं.

पण फाइल सिस्टिम हवीच का, हेही विचारा. फक्त पिकांचा आकडा आणि पाळीची वेळ जपायची असेल, तर क्रमांक आणि सीआरसी (एक प्रकारचा चेकसम) असलेल्या नोंदी चक्राकार लिहिणं पुरतं. सुरू होताना सीआरसी जुळणारी सर्वांत मोठ्या क्रमांकाची नोंद शोधायची, बस्स.

हार्डवेअरलाही थोडं काम द्या. 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, 50 मिलिअँपिअरचा भार, 5 वरून साडेतीन व्होल्टपर्यंत उतार: हातात 30 मिलिसेकंद येतात. 256 बाइटचं पान लिहायला अनेक नॉर चिपना जास्तीत जास्त 3 मिलिसेकंद लागतात, म्हणजे शेवटची नोंद सहज होते. सेक्टर पुसायला मात्र 45 लागतात, कधी 400 सुद्धा. म्हणून एक सेक्टर कायम पुसून तयार ठेवा, आणि व्होल्टेज घसरायला लागलं की पुसायचं काम हातात घेऊ नका.

इथल्या विद्यार्थ्यांना एक काम आवर्जून सांगतो. दुसरा मायक्रोकंट्रोलर आणि एक रिले घ्या, आणि तुमच्या यंत्राची वीज कुठल्याही क्षणी तोडत राहा, रात्रभर. दर वेळी सुरू झाल्यावर शेवटची पक्की नोंद जागेवर आहे का, ते यंत्रालाच तपासू द्या. कुणाची मजुरी त्या आकड्यावर ठरणार असेल, तर ही चाचणी झाल्याशिवाय यंत्र मागावर चढवू नका. नुसती वीज तोडून भागत नाही. व्होल्टेज हळूहळू खाली नेऊनही बघा, कारण अर्ध्या व्होल्टेजवर धडपडणारा प्रोसेसर चिपमध्ये भलतंच लिहू शकतो. ब्राउन-आउट रीसेट (व्होल्टेज फार घसरल्यावर प्रोसेसरला थांबवणारी सोय) चालू ठेवलाय की नाही, हे तेव्हा कळतं.