पुराच्या आधी, मे महिन्यात

मंडळी, नमस्कार. समोर बेळगाव जिल्ह्यातल्या मांजरी, सदलगा, एकसंबा भागातली बरीच तरुण मंडळी दिसताहेत, म्हणजे २०१९ चा ऑगस्ट कुणाला वेगळा सांगायला नको. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा एकदमच चढल्या, यमगर्णीजवळ हायवे बंद पडला आणि माणसं माडीवर बसून होडीची वाट बघत राहिली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. आपल्या आधीच्या पिढ्यांनी गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून पूर ओलांडले. आता काही गावांत फायबरची होडी आहे, तिच्या मागं टू-स्ट्रोकचं जुनं आउटबोर्ड इंजिन आहे, आणि पूर ओसरला की ते पुढच्या पुरापर्यंत कुणाच्या तरी गोठ्यात उभं असतं. हे इंजिन पाण्यात चालून जितकं खराब होतं, त्याहून जास्त त्या गोठ्यात पडून खराब होतं. म्हणून आज पुरातल्या धावपळीबद्दल मी कमी बोलणार आहे, मे महिन्यातल्या कामाबद्दल जास्त. मृग निघायच्या आत इंजिन ड्रममध्ये सुरू होऊन तयार पाहिजे.

सुरुवात टाकीपासून करा. आज पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ऊस आपल्याच शिवारातला, डिस्टिलरी आपल्याच भागातल्या कारखान्याची, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं. अर्धवट भरलेली टाकी वर्षभर पडून राहिली की हवेतला ओलावा त्यात मुरतो, आणि एका मर्यादेनंतर पाणी नि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं, तळाला बसतं. इंजिन ओढतं ते टाकीच्या तळातूनच. टू-स्ट्रोकला वंगण मिळतं पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधून, आणि तळातल्या त्या थरात ऑइल जवळजवळ नसतंच. इंजिन सुरू झालं तरी पिस्टन कोरडा घासतो आणि भर प्रवाहात जाम होतो. काचेची पारदर्शक बाटली घ्या, तळातलं पेट्रोल तिच्यात काढा, थोडा वेळ हलवू नका, मग उजेडाकडं धरा. मधे रेघ दिसली तर ते पेट्रोल इंजिनाला द्यायचं नाही. गाळून ते सुधारत नाही. नवीन भरताना ऑइलचं प्रमाण इंजिनावरच्या पट्टीवर किंवा पुस्तकात बघा. बऱ्याच इंजिनांना ५०:१ चालतं, म्हणजे दहा लिटरला २०० मिली. फार जुन्यांना जास्त लागतं. आणि ऑइल टीसी-डब्ल्यू३ दर्जाचंच घ्या. मोटरसायकलचं टू-टी ऑइल हवेवर थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं असतं. आउटबोर्ड पाण्यावर थंड होतं, त्यात त्या ऑइलची राख प्लगवर आणि रिंगांवर बसते.

टाकीतून इंजिनाकडं पेट्रोल नेणारा रबरी पाइप आणि त्यावरचा हातानं दाबायचा फुगा, दोन्ही वाकवून बघा. भेगा दिसल्या तर बदला. एवढ्या स्वस्त वस्तूसाठी जीव धोक्यात घालू नये.

आता इम्पेलर. माझ्या मते या सगळ्या इंजिनात सगळ्यात दुर्लक्षित वस्तू हीच. विहिरीवरच्या मोटरीमुळं हा शब्द तुम्हाला नवा नाही, पण इथला इम्पेलर रबराचा असतो आणि होडी ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याच्या वर, खालच्या गिअरकेसच्या (गिअरच्या पेटीच्या) माथ्यावर बसतो. तो नदीचं पाणी ओढून सिलिंडरभोवती फिरवतो. इंजिन चालू असताना बाजूनं जी पिचकारी उडते, ती त्याच्या कामाची खूण. पिचकारी बारीक झाली तर लगेच सगळं खोलू नका, आधी त्या भोकात बारीक तार घाला. गोठ्यातल्या इंजिनात कुंभारमाशी चिखलाचं घर करते आणि भोक बुजतं. तार घालूनही धार आली नाही तर गिअरकेस उतरवा. चार-पाच बोल्ट आणि गिअरचा दांडा सुटला की ती खाली येते. पंपाचं झाकण उचललं की इम्पेलरची पाती दिसतील. चांगली पाती मोकळी केल्यावर सरळ होतात. वाकलेल्या ठेवणीतच कडक राहिलेली, टोकाला चिरलेली पाती म्हणजे इम्पेलर गेला. पुराचं पाणी गढूळ, त्यातली बारीक वाळू पंपाच्या स्टीलच्या वाटीला ओरखडे पाडते, म्हणून वाटीच्या आतून बोट फिरवून बघा. इम्पेलरला शाफ्टवर (फिरणाऱ्या दांड्यावर) धरून ठेवणारी छोटी चावी काढताना हातावर घ्या, चिखलात पडली की सापडत नाही. नवा बसवताना पात्यांना थोडं साबणपाणी लावा आणि शाफ्ट इंजिन फिरतं त्याच दिशेनं फिरवत वाटी खाली दाबा. उलट फिरवला तर पाती उलटी वाकतात. आणि आउटबोर्ड कोरडं कधीही सुरू करू नका. "फक्त आवाज बघतो" म्हणून अंगणात दोरी ओढली की काही सेकंदांत रबर जळतं. ड्रम भरा, पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्याही वर येऊ द्या, पंखा काढून ठेवा, मग सुरू करा.

गिअरकेस हातात आहेच, तर त्यातलं ऑइलही बघा. खालचा स्क्रू काढल्यावर ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं तर पाणी शिरलंय. बहुतेक वेळा कारण पंख्यामागं सापडतं: मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन धागा शाफ्टला गुंडाळतो आणि ऑइल सील, म्हणजे ऑइल आत नि पाणी बाहेर ठेवणारं रबरी कडं, कापतो. नवीन ऑइल नेहमी खालच्या भोकातून भरा, वरच्यातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर आत हवा अडकते. आधी वरचा स्क्रू बंद, मग खालचा, दोन्हींचे वॉशर नवे.

सीलसाठी कंपनीचाच भाग पाहिजे असं नाही. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी असे आकडे असतात. ते दाखवले की बेळगावात बेअरिंगच्या दुकानात जोड मिळू शकते. शाफ्टवर सीलच्या जागी खाच पडली असेल तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर स्लीव्ह, म्हणजे पातळ नळी, चढवता येते. क्रँकशाफ्ट घडवणारं आपलं गाव आहे, हे काम तिथल्या हातांना जड नाही. मात्र इम्पेलर आणि थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान सांभाळणारी झडप) मूळ मापाचेच घ्या, तिथं जुगाड करू नका. मूळ भाग मिळणंही आता सोपं राहिलेलं नाही. आउटबोर्डमधल्या एव्हिनरूडसारख्या १९०९ पासूनच्या नावाचंही उत्पादन २०२० मध्ये थांबलं. तुमचं इंजिन बंद झालेल्या मॉडेलचं असेल तर दोन इम्पेलर आणि गॅस्केटचा एक संच आजच घेऊन ठेवा.

कोकण-गोव्याकडून जुनं इंजिन आणणाऱ्यांनी आधी दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजावं. दोघांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर किंमत विचारूच नये. खाऱ्या पाण्यात स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये गंजून बसतो. पान्याला पाइप लावून जोर केला तर तो तुटतो. बोल्टच्या भोवतीची बॉडी तापवा. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, पकड सुटते. तापवण्याआधी पेट्रोलची टाकी आणि पाइप मात्र लांब नेऊन ठेवा.

एकानं मघाशी विचारलं, पुरात होडी उलटून इंजिनच बुडालं तर? बाहेर काढल्यावर लगेच दोरी ओढायची नाही. प्लग काढा, स्वच्छ पाण्यानं चिखल धुवा, मग हातानं हळू फिरवा. अडकत असेल किंवा आत वाळू करकरत असेल तर तिथंच थांबा आणि इंजिन खोला. मोकळं फिरलं तर प्लगची भोकं खाली करून पाणी काढा, कार्बुरेटर धुवा, सिलिंडरमध्ये ऑइल सोडा आणि त्याच दिवशी सुरू करा. त्या दिवशी जमणार नसेल तर इंजिन पुन्हा स्वच्छ गोड्या पाण्याच्या हौदात बुडवून ठेवा. ऐकायला उलटं वाटेल, पण ओल्या लोखंडाला हवा लागली की बेअरिंगवर काही तासांत गंज धरतो. पाण्याखाली तो बराच सावकाश चढतो, आणि मेकॅनिक येईपर्यंतचा वेळ तुम्हाला मिळतो.