थरच्या वाळूत हिवाळी मुक्काम

नागपूरकरांना थंडी नवी नाही. २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंशांपर्यंत तापलेल्या याच शहरात २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. तरीही नागपूरच्या थंडीत आणि जैसलमेरपलीकडच्या वाळूतल्या थंडीत जो फरक आहे, तो केवळ आकड्यांत सापडत नाही. शहरात हुडहुडी भरली तर आडोशाला भिंत असते आणि कोपऱ्यावर चहाची टपरी असते. पिकअप ट्रकच्या हौद्यात झोपणाऱ्याला मात्र घरून निघताना जे चढवले असेल, त्याच्याच भरवशावर रात्र काढावी लागते. डिसेंबरच्या अखेरीस नागपूरहून थरच्या वाळवंटात निघालेल्या चौघांबरोबर आपण या चित्रफितीच्या निवेदनात जाणार आहोत. त्यांची गाडी चारही चाकांना जोर देणारी आहे आणि हौद्यावर काढ-घाल करता येईल असे ताडपत्रीचे छत आहे.

हे छत काढता येण्याजोगे ठेवण्यामागे कारण आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे परदेशी चित्रफिती पाहून गाडीवर कायमची खोली बांधून घेण्याचा बेत इथे शहाणपणाचा ठरत नाही.

नागपूरहून बैतूल, इंदूर, चित्तोडगड आणि जोधपूरमार्गे जैसलमेर सुमारे चौदाशे किलोमीटर पडते. रस्ता डांबरी आहे आणि त्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. फलोदीजवळच्या खीचन गावासाठी मात्र वाट वाकडी करावी. हिवाळ्यात तिथे हजारो कांड्या करकोचे उतरतात आणि गावकरी त्यांना पिढीजात आस्थेने दाणे घालतात.

वाळवंट रात्री एवढे गार पडते, कारण तिथली हवा कोरडी असते. दिवसभर तापलेली जमीन सूर्यास्तानंतर आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने वर सोडू लागते. त्यातली काही उष्णता खाली परतवणारे बाष्प आणि ढग नागपूरच्या आकाशात बऱ्याचदा असतात, इथे ते नसल्यातच जमा. शिवाय कोरड्या वाळूत उष्णता खोलवर मुरत नाही, वरचा थर तेवढा तापतो आणि तो लवकर निवतो. म्हणून दुपारी २४-२५ अंशांत बाह्या सरसावून गाडी चालवणारा माणूस पहाटे सहा-सात अंशांत कानटोपी शोधू लागतो. थंडीची लाट आली तर जैसलमेरला पारा आणखी खाली जातो, आणि शेखावाटीतल्या चुरू व फतेहपूर भागात तो शून्याखाली गेल्याच्या नोंदी आहेत. त्यात रात्रही मोठी असते. जैसलमेर नागपूरच्या बरेच पश्चिमेला असल्यामुळे डिसेंबरअखेरीस तिथे सूर्य उगवायला साडेसात वाजत येतात, म्हणजे नागपूरपेक्षा सुमारे पाऊण तास उशीर. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत साडेतेरा तास निभावून न्यायचे असतात, आणि सामानाचा सगळा हिशोब या साडेतेरा तासांवर बेतावा लागतो.

मुक्कामाची जागा कोणाची, हा प्रश्न मात्र सामानाच्याही आधी येतो. सोयींविना उघड्यावर गाडी लावून राहण्याची ही रीत अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटांत चांगलीच रुळली आहे. तिथे ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याच्या बहुतेक जमिनींवर २८ दिवसांच्या काळात एका जागी १४ दिवसांपर्यंत राहता येते, आणि हिवाळ्यात ॲरिझोनातील क्वार्टझसाइट गावाभोवती गाड्यांची वस्तीच उभी राहते. आपल्याकडे असा कायदा नाही. थरमध्ये जी जमीन परक्याला ओसाड वाटते, ती कोणाचे तरी बाजरीचे शेत असते, गावाचे गायरान असते किंवा देवाच्या नावाने राखलेले ओरण असते. डेझर्ट नॅशनल पार्कचे ३१६२ चौरस किलोमीटरचे क्षेत्र माळढोकाचे आहे. सोलापूरजवळच्या नान्नजमुळे हा पक्षी मराठी माणसाला नावाने ठाऊक आहे, आणि त्याच्या उरल्यासुरल्या अधिवासात रात्रीबेरात्री दिवे लावून गाडी फिरवण्याचे समर्थन कोणत्याही हौसेने होऊ शकत नाही. पोखरणच्या लष्करी गोळीबार क्षेत्राच्या आसपास फिरकू नये. सीमेलगतच्या अधिसूचित पट्ट्यात बाहेरच्यांना प्रशासनाची परवानगी लागते. मोबाइलला रेंज नाही म्हणून परवान्याविना उपग्रह फोन जवळ बाळगणे, हा तर आपल्या देशात गुन्हाच आहे.

आता पडद्यावर दिसते आहे ती एक ढाणी, म्हणजे चार-सहा घरांची वस्ती. आपल्या चमूने गाडी वस्तीच्या बरीच अलीकडे थांबवली आहे आणि दोघे जण पायी गेले आहेत. त्यांनी मुक्कामासाठी लांबूनच हेरून ठेवलेली जागा सपाट, गोल, काटाकुटा झाडून स्वच्छ केलेली आणि मधोमध किंचित खोलगट आहे. ढाणीतल्या वृद्ध बासांनी (वडीलधाऱ्यांना इथे आदराने असे म्हणतात) त्यांचे ऐकून घेतले आणि हात करून तीच जागा सोडून बाकी कुठेही गाडी लावा म्हणून सांगितले. तो टांक्याचा आगोर होता. टांका म्हणजे जमिनीखालचे झाकलेले पाण्याचे टाके, आणि आगोर म्हणजे पावसाचे पाणी त्या टाक्याकडे वाहून नेणारे भोवतालचे अंगण. नागपूरला वर्षाला १००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जैसलमेरच्या पश्चिमेला २०० मिलिमीटरही धड पडत नाही, आणि त्या तुटपुंज्या पावसातून घराचे वर्षभराचे पिण्याचे पाणी याच अंगणावर गोळा होते. टायरला लागलेले तेल आणि माणसांची घाण तिथे पडली, तर ती पुढच्या पावसात थेट हंड्यात उतरते. वाळवंटात कुठे राहावे हे पुस्तकातून शिकता येईल, पण कुठे राहू नये हे तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही.

बासांनी दाखवलेली जागा टेकाडाच्या पायथ्यापासून थोडी वर आणि वाऱ्याच्या आडोशाला आहे. थंड हवा जड असल्यामुळे रात्री उतारावरून घसरत सखल भागात साचते, म्हणून अगदी तळाशी झोपणाऱ्याला पहाटे जास्त बोचते.

तिथवर गाडी न्यायची म्हणजे वाळू आली. विदर्भातल्या काळ्या मातीत गाडी चालवायला शिकलेल्या हाताला इथे आपली सवय मोडावी लागते. पावसाळ्यातल्या चिखलात चाके जोराने फिरवली की टायरच्या खाचांतला गारा उडून जातो आणि पकड परत मिळते. वाळूत तेच केले, तर चाक स्वतःच्याच खड्ड्यात उतरते आणि गाडी आसावर बसते. वाळूत पकड नको असते, तरंगणे हवे असते, आणि त्यासाठी टायरमधली हवा कमी करावी लागते. एरवी ३२ ते ३५ पीएसआय असलेला दाब १५ ते १८ पर्यंत उतरवला की टायर जमिनीवर लांबट पसरतो आणि तोच भार जास्त जागेवर वाटला जातो. दाब याहूनही खाली नेला, तर जोरात वळताना टायरची कड रिमवरून सुटू शकते. म्हणून अशा टायरवर वेग बेताचा ठेवावा आणि स्टीअरिंगला झटका देऊ नये. थांबताना शक्यतो ब्रेक न लावता गाडी आपोआप मंदावू द्यावी आणि तोंड उताराकडे करून उभी करावी, म्हणजे पुन्हा निघताना चाकांना झगडावे लागत नाही. वाळूच्या टेकाडाची वाऱ्याआडची बाजू ३४ अंशांपर्यंत तीव्र असते, त्यामुळे पलीकडे काय आहे ते पायी चढून पाहिल्याशिवाय माथा ओलांडू नये, आणि ओलांडायचा तर सरळ ओलांडावा, तिरपा नव्हे. तिरप्या गाडीला उलटायला निमित्त पुरते.

नागपूरहून निघताना वाडीच्या एका टायरवाल्याने या चौघांना एकच प्रश्न केला होता, "हवा त काढसान भाऊ, पण भरसान कायनं?" सगळ्या तयारीत यापेक्षा नेमका प्रश्न कोणी विचारला नसेल. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, दाब मोजायचे विश्वासू यंत्र, फावडे आणि चाकांखाली सरकवायच्या दोन खाचेदार फळ्या एवढे सोबत असले, तर बहुतेक वेळा दुसऱ्या गाडीची गरज पडत नाही. अर्थात दुसरी गाडी असावीच. थंडीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. दुपारी २५ अंशांत मोजलेला १६ पीएसआयचा दाब पहाटे ५ अंशांत सुमारे १४ भरतो. सकाळी तो पाहून पंप काढायची घाई करू नये, कारण ऊन वर आले की दाबही वर येतो. सकाळची वाळू दवाने थोडी आवळलेली आणि दुपारपेक्षा टणक असते, म्हणून अवघड टप्पे आठ ते दहाच्या दरम्यान उरकलेले बरे.

संध्याकाळचा स्वयंपाक गोळाभाताचा आहे, आणि ही निवड आवडीपेक्षा हिशोबाची आहे. चण्याची डाळ घरूनच भरड दळून आणलेली असते. ती भिजवून तिखट, मीठ, हळद घालून वळलेले गोळे अर्धवट शिजलेल्या भातात सोडले की एका पातेल्यात जेवण होते, आणि वरून घेतलेली हिंग-मिरचीची कडकडीत तेलाची फोडणी थंडीत अंगाला मानवते. पातेले आधी कोरड्या वाळूने घासून मग वाटीभर पाण्याने विसळले की झाले. चौघांच्या तीन मुक्कामांना प्यायला आणि रांधायला माणशी दिवसाला पाच लिटर धरले तरी ६० लिटर पाणी, म्हणजे तेवढेच किलो वजन होते. ते एका मोठ्या टाकीत न भरता लहान कॅनमध्ये विभागून नेणे चांगले, एक कॅन फुटला तर सगळे जात नाही.

शेकोटीसाठी आजूबाजूचे लाकूड तोडायचे नाही. इथला खेजडी वृक्ष म्हणजे दसऱ्याला आपण पूजतो ती शमी. तिच्या रक्षणासाठी १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात अमृतादेवींसह बिष्णोई समाजाच्या ३६३ जणांनी प्राण दिले होते, आणि आज ती राजस्थानचा राज्यवृक्ष आहे. वाळलेली फांदीही कोणाच्या तरी चुलीची असते. आपल्या चमूने ढाणीतूनच पैसे देऊन शेणाच्या गोवऱ्या घेतल्या आहेत, आणि वैदर्भीय माणसाला गोवऱ्यांच्या विस्तवाचे काय करायचे हे शिकवावे लागत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी याच निखाऱ्यांत रोडगे भाजले जातील. बाटी करणाऱ्या यजमानांना ते अजिबात परके वाटणार नाहीत.

हा विस्तव बाहेरच राहिला पाहिजे. उबेसाठी निखाऱ्यांची शेगडी ताडपत्रीच्या आत ओढून घेण्याचा मोह रात्री अकराच्या सुमारास हमखास होतो, आणि उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीतल्या शेगडीने माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक जोराने चिकटतो. डोके जड होते, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला ती झोपच वाटते. इंजिन चालू ठेवून हीटर लावण्यातही हाच धोका आहे, कारण गाडी वाळूत रुतली असेल तर धुराची नळी अर्धी बुजलेली असू शकते. ऊब अंथरुणातच साठवावी लागते. त्यासाठी वरच्या पांघरुणापेक्षा खालचे अंथरूण महत्त्वाचे असते. अंगाच्या भाराने खालचा कापूस दबतो, त्यातली हवा निघून जाते, आणि हौद्याचा पत्रा अंगातली ऊब ओढत राहतो. अंगावर तीन रजया आणि खाली एक सतरंजी घेणारा पहाटे तीनला उठून बसतो. दोन थर जाड फोमच्या चटईचे, त्यावर गोधडी, आत कोरडे मोजे आणि पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी, एवढ्याने रात्र बरी जाते. ताडपत्रीची एक कड चार बोटे उघडी ठेवावी. ती बंद केली, तर चौघांच्या श्वासाचे पाणी सकाळी छतावरून अंथरुणावर ठिबकते.

सकाळी चहाची घाई असते आणि नेमकी तेव्हाच छोट्या डब्यांवर चालणारी शेगडी रुसते. त्यातला ब्यूटेन शून्याच्या जरासे खाली उकळतो, त्यामुळे दोन-तीन अंशांत डब्यात पुरेसा दाबच तयार होत नाही. डबा थोडा वेळ जाकिटाच्या आत ठेवला की काम होते, पण तो आगीजवळ धरू नये. विजेची गोष्टही थंडीतच कळते. डिसेंबरअखेरीस भर मध्यान्हीही जैसलमेरला सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४० अंश वर असतो, म्हणून टपावर आडवे टाकलेले सौर पॅनल निम्म्या उत्साहाने चालते. तेच दक्षिणेकडे तोंड करून कलते उभे केले की फरक दिसतो. लिथियम बॅटरी शून्याखाली असताना तिला वीज देऊ नये. रात्री ती माणसांजवळच, उबेत ठेवलेली बरी. आणि फ्रिज घरी ठेवावा. रात्रीच्या सहा अंशांत दूध सकाळच्या चहापर्यंत नासत नाही, मग त्याच्यासाठी बॅटरीचे ओझे का वाहायचे?

निघताना राख थंड करून पुरायची आणि प्लास्टिक परत न्यायचे. शौचासाठी टांक्यांपासून आणि वाटांपासून दूर वीतभर खोल खड्डा घ्यायचा. कागद मात्र पुरून चालत नाही, कोरड्या वाळूत तो वर्षानुवर्षे कुजत नाही आणि वारा त्याला उघडा पाडतो. डांबरी रस्ता लागताच गाडी बाजूला घेऊन चारही टायर पुन्हा भरायचे, कारण कमी हवेचा टायर वेगात तापून बाजूने फाटतो. दुपारच्या उन्हात तापलेल्या टायरांत ३४ भरलेले दुसऱ्या दिवशी पहाटे जोधपूरला ३१ दिसतात, म्हणून इंदूरकडे निघण्यापूर्वी गार टायरांवर दाब पुन्हा एकदा मोजून घ्यायचा.