दहा बुलेटएवढं एक सिलिंडर, तरी धाकट्याकडून हार

[सुरुवातीचे पाच सेकंद पडदा काळा. फक्त इंजिनाचा आवाज. मग चेहरा.]

ऐकलंत? फट-फट, मग मोकळी जागा. फट-फट, परत मोकळी जागा. इंजिन मिस मारत नाहीये, त्याचा आवाजच असा आहे. हा जॉन डियरचा जुना ट्रॅक्टर, 'मॉडेल जी'. दोनच सिलिंडर, आडवे झोपवलेले, दोन्ही मिळून ६,७६० सीसी. म्हणजे एकेका सिलिंडरमध्ये जवळपास दहा बुलेट मावतात. आणि हे धूड पूर्ण जोरात फिरतं किती, तर मिनिटाला ९७५ फेरे. आपली बुलेट सिग्नलला नुसती धडधडत उभी असते, तेव्हाही साधारण तेवढेच फेरे असतात.

आयोवा, इलिनॉय, ओहायो. अमेरिकेतला हा मक्याचा पट्टा. तिथे उन्हाळ्यात जत्रा भरतात आणि त्यात सत्तर-ऐंशी वर्षांचे असले ट्रॅक्टर वजन ओढायला उतरवतात. मैदानाच्या कडेला उभे असलेले लोक एकच वाद घालत असतात. इंजिन मोठं असलं की झालं, की नीट जमवलेलं, म्हणजे ट्यून केलेलं, असायला हवं?

वादात पडण्याआधी ओढायचं काय ते बघू.

[स्क्रीनवर: स्लेडचं बाजूचं रेखाचित्र, पेटी सरकताना]

ट्रॅक्टरच्या मागे जी गाडी जोडतात तिला स्लेड म्हणतात. मागे चाकं, पुढे जमिनीवर टेकलेला लोखंडी पत्रा, वर वजनाची पेटी. सुरुवातीला पेटी चाकांवर असते, त्यामुळे स्लेड मुकाट मागे येते. पण पेटी साखळीने स्लेडच्याच चाकांना जोडलेली असते. जितकं पुढे जाल तितकी ती पुढे सरकते आणि सगळा भार त्या पत्र्यावर येतो. पत्रा मातीत रुततो. पूर्ण अंतर बहुतेक ठिकाणी ३०० फूट, आणि खरी परीक्षा शेवटच्या टप्प्यात. पहिल्या शंभर फुटांत सगळेच पैलवान असतात.

आता परत 'जी'कडे. १९५३ साली जॉन डियरने त्याच्या जागी 'मॉडेल ७०' आणला. तेच दोन आडवे सिलिंडर, तेच ९७५ फेरे. पण पेट्रोलवर चालणाऱ्या ७० चं इंजिन 'जी'पेक्षा लहान होतं, साधारण ६,२२० सीसी. अर्धा लिटर कमीच. नेब्रास्का विद्यापीठात १९२० पासून ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात. कंपनी काय छापते ते सोडा, तिथे मोजलेला आकडा लोक खरा मानतात. इंजिनाच्या पुलीला पट्टा जोडून मोजलं तर 'जी' ३८ हॉर्सपॉवरच्या आसपास. आणि अर्धा लिटर कमी असलेला ७०? पन्नासच्या आसपास!

फेरे तेवढेच, इंजिन लहान, जोर जास्त. हे कसं?

उत्तर रॉकेलात आहे. आपल्याकडे विहिरीवरचं जुनं इंजिन आठवतंय? पेट्रोलवर चालू करायचं, गरम झालं की कॉक फिरवून रॉकेलवर टाकायचं. 'जी'चं गणित अगदी तेच. पेट्रोलची छोटी टाकी वेगळी, आणि एकदा इंजिन तापलं की रॉकेलसारखं स्वस्त इंधन. शेतकऱ्याचे पैसे वाचायचे. पण असल्या इंधनाला जास्त दाबलं की ते वेळेआधी पेटतं, इंजिन ठोकायला लागतं. म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे आतलं मिश्रण किती पट दाबायचं ते, चारच्या जरा वर, तेवढंच ठेवलेलं. शिवाय जड इंधनाची वाफ व्हावी म्हणून आत जाणारी हवा मुद्दाम तापवायची. तापलेली हवा विरळ, म्हणजे सिलिंडर मोठा असून आत भरतंय कमीच. मोठं भांडं आणि अर्धवट शिजलेला भात, असला प्रकार.

पेट्रोलवाल्या ७० मध्ये कॉम्प्रेशन सहाच्या आसपास नेलं. आणि सुरुवातीचा तो फट-फट आवाज आठवा. दोन स्फोट जवळजवळ येतात, मग लांब विश्रांती. एकाच नळीतून दोघांना इंधन दिलं तर एकाचं ताट भरलेलं, दुसऱ्याचं अर्धं. ७० च्या कार्ब्युरेटरला, म्हणजे हवा-इंधन मिसळणाऱ्या भागाला, दोन घसे दिले, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र.

आणि गंमत म्हणजे रॉकेलछाप इंधनावर चालणारा ७० सुद्धा मिळायचा. त्याला 'जी'एवढंच मोठं, ६,७६० सीसीचं इंजिन ठेवलं होतं. तरी तो पेट्रोलवाल्या धाकट्याच्या मागेच राहिला. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं यंत्र. 'मोठं ते बलवान' म्हणणाऱ्यांना मी हे एवढंच उदाहरण देतो.

[कॅमेरा जवळ]

आता दुसऱ्या पार्टीचं ऐकू, कारण तेही खोटं बोलत नाहीत.

लाल रंगाचा फार्मॉल एम घ्या. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा. (हो, तीच कंपनी. महिंद्राने १९६३ मध्ये तिच्याशीच भागीदारी करून ट्रॅक्टरच्या धंद्यात पाऊल टाकलं आणि आपल्याकडे बी-२७५ आला. तर ते लाल रंगाचं घराणं हे.) एमला चार सिलिंडर, २४८ घन इंच, म्हणजे चार लिटरच्या थोडं वर. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, पावणेचार इंचांपेक्षा एक सूत जास्त. सिलिंडरच्या आतल्या नळ्या, म्हणजे लायनर, बदलता येतात, म्हणून लोक तो चार इंच करतात. झाले २६४ घन इंच. कंपनीने सुपर एममध्ये स्वतः हेच केलं, पुढे '४५०' या मॉडेलमध्ये आणखी वाढवून २८१ केले. पिस्टनची वर-खाली चाल तिन्हींत तीच, सव्वापाच इंच.

चार इंचांचा बोअर केला की आकार वाढतो साडेसहा टक्क्यांनी. पैसे बरेच जातात, मिळतं एवढंच. पण हे साडेसहा टक्के हक्काचे आहेत. जुन्या ट्रॅक्टरच्या पुष्कळ गटांत फेऱ्यांवर किंवा वेगावर मर्यादा असते. इंजिन जास्त पळवून ताकद काढायची वाटच बंद. मग एका फेऱ्यात किती जोर निघतो यावरच सगळं येतं. कॉम्प्रेशन, हवा, स्पार्क, सगळं दोघांनीही सारखंच जमवलं असेल, तर शेवटी ज्याचं भांडं मोठं तो पुढे जातो. ते मला मान्य आहे.

फक्त "दोघांनीही सारखंच जमवलं असेल तर" हे वाक्य लोक गिळून टाकतात.

कारण जमवलेलं नसतंच हो! मॅग्नेटोचं, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्राचं, टायमिंग एकदा लावलं ते लावलं. कार्ब्युरेटरची इंधन कमी-जास्त करणारी सुई ट्रॅक्टर उभा असताना फिरवायची, आवाज गोड आला की खूश. अहो, उभा असताना इंजिन मागतंय किती? लोड पडल्यावर तेच मिश्रण पातळ होतं आणि दोनशे फुटांवर ट्रॅक्टर दम टाकतो. सुई लोडवरच लावायची. मागच्या पीटीओला, म्हणजे अवजारं फिरवणाऱ्या दांड्याला, डायनो (ताकद मोजायचं यंत्र) जोडा, लोड हळूहळू वाढवत न्या आणि फेरे कुठे कोसळतात ते बघा.

आणि गव्हर्नर, म्हणजे फेरे पडू न देणारा भाग. याच्याकडे कोणी बघत नाही, माझा राग आहे त्यावर. पेटी पुढे सरकते, ओझं वाढतं, फेरे किंचित पडतात, आणि गव्हर्नरने त्याच क्षणी थ्रॉटल उघडायला हवा. ऐंशी वर्षांत त्याची स्प्रिंग सैल झालेली, सांध्यांत खेळ आलेला. तो जागा होईपर्यंत इंजिन बसलेलं असतं. मग मालक म्हणतो, "बोअर वाढवायला पाहिजे."

राहिलं वजन. स्पर्धा वजनाच्या गटांत होते आणि 'जी' स्वतःच अडीच टनांच्या आसपास. हलक्या गटात त्याला प्रवेशच नाही. बेताच्या गटात बसला, तरी वरून वजनं लावायला जागा उरत नाही, म्हणजे भार कुठे ठेवायचा हे त्याच्या हातात नाही. एमचा धाकटा भाऊ फार्मॉल एच, जेमतेम अडीच लिटरचा, पावणेदोन टनांचा. त्याच गटात त्याचा मालक उरलेली सगळी वजनं हवी तिथे लटकवतो, पुढची चाकं जमिनीवरून वीतभर तरंगतील इतक्या बेताने. पुढची चाकं तरंगली की सगळा भार मागच्या टायरवर. चाक घसरायला लागलं की इंजिनात किती लिटर आहेत याला अर्थ नाही, ट्रॅक्टर फक्त खड्डा खणतो.

त्या टायरच्या नक्ष्या लोक हाताने कापून धारदार करतात, आणि त्यातही दोन पार्ट्या आहेत. ते पुढच्या व्हिडिओत.

[शेवटी परत 'जी'चा आवाज, या वेळी स्लेड जोडलेली. दोन फटांमधली मोकळी जागा लांबत जाते.]