रकमेचे तुकडे करू नका

मंडळी, आपल्या जिल्ह्यात रोख पैसा का फिरतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. लासलगावचा कांदा, निफाड-दिंडोरीची द्राक्षं, मजुरी, वाहतूक. मोठी रक्कम घेऊन बँकेत येणारा माणूस इथे नवलाचा नाही. तरीही काउंटरपाशी आला की तो बिचकतो, आणि त्या भीतीपोटी जे करून बसतो त्याबद्दल मला आज बोलायचं आहे.

मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा 2002 चा, अंमल 1 जुलै 2005 पासून. त्याखालच्या नियमांप्रमाणे 10 लाखांपेक्षा जास्त रोख भरली किंवा काढली, की बँक ते केंद्र सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला, म्हणजे एफआययूला, पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत कळवते. यात आरोप नसतो, नोटीसही नसते. रकमेनं मर्यादा ओलांडली म्हणून माहिती गेली, एवढंच.

पण कुणीतरी कट्ट्यावर सांगतं, "नऊ-नऊ लाख कर, कुणाला कळणार नाही." मग घर बांधायला 12 लाख हवे असणारा सरळमार्गी शेतकरी सोमवारी 4, बुधवारी 4, शुक्रवारी 4 काढतो. आता नियम बघा: एकमेकांशी जोडलेले छोटे व्यवहार एका महिन्यात मिळून 10 लाखांवर गेले, तर तेही कळवायचे असतात. म्हणजे टाळायची ती नोंद टळलीच नाही. उलट तुकडे मुद्दाम केलेत असं बँकेला वाटलं, तर संशयास्पद व्यवहाराचा वेगळा अहवाल जाऊ शकतो. त्याला रकमेची किमान मर्यादा नाही, आणि तो गेल्याचं ग्राहकाला सांगायला बँकेला कायद्यानंच मनाई आहे. ओळखीच्या कॅशियरला विचारून उपयोग नाही. त्याला अडचणीत आणू नका.

यापेक्षा वाईट म्हणजे मेहुण्याच्या, गड्याच्या खात्यातून पैसे फिरवणं. पैसा तुमचा, खातं त्याचं. उद्या उत्तर कोण देणार? आयुष्यभर खरं वागलेल्या माणसानं हे करावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आयकराची वाट वेगळी. बचत खात्यांत वर्षभरात मिळून 10 लाख किंवा जास्त रोख भरली, तर बँक ते आयकर खात्याला कळवते आणि ते तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात, दिसतं. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, हे खरं. पण भरलेली रोकड शेतीचीच आहे, हे कागदानं दाखवावं लागतं. वर्षात 1 कोटीवर रोख काढली तर 2 टक्के टीडीएसची, म्हणजे पैसे देतानाच कर कापून घेण्याची, तरतूद 2019 साली आली. बाजार समितीतल्या नोंदणीकृत आडत्यांना आणि व्यापाऱ्यांना, शेतकऱ्याचे पैसे चुकवण्यासाठी काढलेल्या रोखीवर, त्याच वर्षी सूट मिळाली.

अजून एक. एका माणसाकडून एका दिवसात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेताच येत नाही, आणि दंड घेणाऱ्याला, तेवढ्याच रकमेचा. मोठ्या सौद्याचे पैसे खात्यावरच मागा.

काउंटरवर "कशासाठी काढताय?" असं विचारलं तर रागावू नका. घर बांधायचंय, लग्न आहे, जे असेल ते सांगा आणि पूर्ण रक्कम एकदाच घ्या. ठेकेदाराच्या पावत्या, बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या, सातबारा एका फाइलीत लावा. बँकेला अशा व्यवहारांची नोंद किमान 5 वर्षं जपावी लागते. तुमची फाइलही निदान तेवढी वर्षं घरात राहू द्या.